प्लास्टिकच्या फिल्ममधून लिथियम जातो कसा?

ऐरोलीहून एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "आमच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही पॉलिएथिलीन ऑक्साइडची, म्हणजे पीईओची, लिथियमचं मीठ घातलेली फिल्म बनवतो. द्रवात आयन कसे जातात ते कळतं. स्फटिकात ते रिकाम्या जागांतून उड्या मारतात हेही शिकलो. पण पीईओ हा धड द्रव नाही आणि पूर्ण स्फटिकही नाही. मग त्यातून लिथियम जातो कसा? आणि आमची फिल्म ७० अंशांना छान चालते, ३० अंशांना जवळजवळ बंद पडते, असं का?"

रबाळ्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रोलाइट आणि मेम्ब्रेनवर काम करण्यात माझी बावीस वर्षं गेली. हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं आणि मला तो मनापासून आवडतो, कारण 'घन' आणि 'द्रव' हे शब्द आपण किती सैलपणे वापरतो ते त्यातून उघडं पडतं. हाताला जे घट्ट लागतं ते आयनलाही घट्ट वाटेलच असं नाही. आयनला त्याच्या अगदी लगतचे दहा-वीस अणू तेवढे कळतात. ते हलत असतील तर तो हलतो, ते थिजले असतील तर तोही थिजतो. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर यातच आहे.

आधी घरच्या स्वयंपाकघरात एक प्रयोग करा. चार ग्रॅम चायना ग्रास पेलाभर पाण्यात उकळून विरघळवा, त्यात पाव चमचा हळद घाला आणि काचेच्या उभ्या ग्लासात ओतून घट्ट होऊ द्या. दुसऱ्या ग्लासात मेणबत्तीचं मेण वितळवून तेवढीच हळद घाला आणि गार करा. आता दोन्हींवर धुण्याच्या सोड्याचं गाढ पाणी बोटभर ओता. हळदीला चुना किंवा सोडा लागला की ती लाल होते. पूर्वी घरोघरी कुंकू करायचे ते याच गुणावर. चायना ग्रासच्या ग्लासात लाल पट्टा वरून खाली सरकताना दिसेल. पहिल्या तासात तो जितका उतरेल, त्याच्या दुप्पट अंतर गाठायला दोन नाही, चार तास लागतील. अंतर दुप्पट तर वेळ चौपट, ही विसरणाची, म्हणजे कण आपोआप पसरत जाण्याची, ओळख आहे. ग्लासवर पेनाने खुणा करत गेलात तर स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येते. मेणाच्या ग्लासात मात्र दुसऱ्या दिवशीही खाली काहीच लाल झालेलं नसेल.

दोन्ही वड्या हाताला घट्टच लागतात. पण चायना ग्रासमध्ये शेकडा दोन भागांच्या आसपास धाग्यांचं जाळं असतं, बाकी सगळं पाणी. जाळ्यामुळे वडी उभी राहते, धाग्यांमधलं पाणी मात्र ग्लासातल्या पाण्याइतकंच मोकळं असतं. सोड्याचे आयन त्या पाण्यातून जवळजवळ साध्या पाण्यातल्याच वेगाने जातात. मेणात ते शिरतच नाहीत. धन आणि ऋण आयनांना एकमेकांपासून सोडवायला आजूबाजूच्या रेणूंनी त्यांना सांभाळून घ्यावं लागतं. या सांभाळण्याचं माप म्हणजे परावैद्युतता. पाण्याची ती ७८ च्या आसपास आहे, मेणाची जेमतेम २. पाणी आपली बाजू फिरवून आयनभोवती उभं राहतं. मेणाकडे देण्यासारखं काही नाही. म्हणून सेंद्रिय पदार्थाकडे बघताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा की हा पदार्थ मीठ सोडवू शकतो का. तो आपले रेणू किती हलवतो हे त्यानंतर.

द्रवाचं आधी बघू, कारण तिथेच एक गोष्ट पुस्तकात वाचूनही नीट लक्षात राहत नाही. पाण्यात २५ अंशांना प्रति सेंटीमीटर एक व्होल्टचं क्षेत्र लावलं तर पोटॅशियम सेकंदाला साधारण ७.६ मायक्रॉन सरकतो, सोडियम ५.२ आणि लिथियम ४. लिथियम या तिघांत सर्वांत लहान, तरी सर्वांत मंद! कारण लहान आयनाभोवती विद्युतक्षेत्र जबर असतं, तो पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो आणि ते सगळं लटांबर घेऊन फिरतो. हा आकडा मायक्रॉनमध्ये आहे तेही बघा. आयन उष्णतेने इतका प्रचंड इकडेतिकडे आदळत असतो की विद्युतक्षेत्राने त्याला मिळणारी पुढची ओढ त्यापुढे अगदी किरकोळ असते. बाणासारखा सुटलेला आयन डोळ्यांपुढे आणू नका. गर्दीत धक्के खात, एका बाजूला किंचित जास्त सरकणारा आयन आणा.

लिथियम बॅटरीतला नेहमीचा द्रव म्हणजे कार्बोनेट सॉल्व्हंटांचं मिश्रण. एथिलीन कार्बोनेटची परावैद्युतता ९० च्या आसपास, म्हणजे मीठ सोडवण्यात पट्टीचा, पण तो ३६ अंशांच्या आसपास गोठतो. आमच्याकडे जानेवारीत त्याचा ड्रम दगडासारखा घट्ट असतो, आणि मे महिन्यात शेडमधल्या ड्रमचं झाकण उघडलं की कडेने द्रव आणि मध्ये पांढरा गोळा दिसतो. डायमिथिल कार्बोनेट उलट, पातळ आणि चपळ, पण परावैद्युतता जेमतेम ३. एक मीठ सोडवतो, दुसरा वाट मोकळी करतो, म्हणून दोघांची मोट बांधतात. त्यात लिटरला साधारण एक मोल मीठ घातलं की वाहकता खोलीच्या तापमानाला प्रति सेंटीमीटर १० मिलिसीमेन्सच्या (सीमेन्स म्हणजे ओहमचा व्यस्त) आसपास जाते. आणखी मीठ ओतलं तर वाहकता वाढायची सोडून घसरते, कारण द्रव दाट होतो आणि आयन एकमेकांना जोड्यांनी चिकटू लागतात. जास्त आयन म्हणजे जास्त प्रवाह, हा हिशोब इथे चुकतो आणि बरीच मुलं याच जागी अडतात.

चिकटपणा वाढला की आयन मंदावतात, हे नातं वाल्डेन यांनी १९०६ च्या सुमारास मांडलं. साध्या द्रवांत ते चांगलं लागू पडतं. याचा अर्थ असा की द्रवात आयनचं नशीब द्रवाच्या वाहण्याशी बांधलेलं असतं. घन इलेक्ट्रोलाइट शोधणाऱ्यांची सगळी धडपड ही गाठ सोडवण्यासाठीच आहे: पदार्थ वाहू नये, आयन मात्र वाहावेत.

ही गाठ निसर्गानेच एका ठिकाणी सोडलेली आहे. पाण्यातल्या हायड्रोजन आयनचा, म्हणजे प्रोटॉनचा, वेग वरच्याच मापाने सेकंदाला ३६ मायक्रॉन, म्हणजे लिथियमच्या नऊ पट. तो पाण्याचं लटांबर ओढत नाही. एका पाण्याच्या रेणूला प्रोटॉन चिकटतो, त्याच्या पलीकडचा एक प्रोटॉन पुढच्याकडे जातो, असं हस्तांतर होत राहतं. आग लागल्यावर विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेत उभी राहतात आणि बादली हातोहात पुढे जाते, माणसं जागची हलत नाहीत, तसं. ग्रोटहुस यांनी १८०६ मध्ये या वाटेचा विचार मांडला तेव्हा पाण्याचं सूत्रही पक्कं झालेलं नव्हतं.

आता तुमची फिल्म. पीईओची साखळी म्हणजे दोन कार्बन, एक ऑक्सिजन, दोन कार्बन, एक ऑक्सिजन, अशी हजारो कड्यांची माळ. हे ऑक्सिजन लिथियमला धरतात. साधारण पाच ऑक्सिजन एका लिथियमभोवती वेढा घालतात, बऱ्याचदा एकाच साखळीचे. म्हणजे इथे सॉल्व्हंटचं काम साखळीच करते. पण सॉल्व्हंटचा रेणू आयनसोबत चालू लागतो, साखळी चालू शकत नाही. तिचे हजारो दुवे एकमेकांत गुंतलेले असतात. मग होतं काय? साखळीचे तुकडे, चार-पाच कड्यांचे, सतत वळवळत असतात. वळवळताना एक ऑक्सिजन लिथियमला सोडतो आणि शेजारचा पुढे येऊन धरतो. लिथियम साखळीवरून किंचित पुढे सरकतो. अधूनमधून दुसऱ्या साखळीचा तुकडा जवळ येतो आणि तो लिथियमला आपल्याकडे ओढून घेतो. सरळ रेषेत लांबवर जायला ही साखळीबदली फार महत्त्वाची असते.

तेव्हा वर्गात शिकलेली उडी इथे लावू नका. मिठाच्या स्फटिकात जागा ठरलेल्या असतात आणि आयन एका जागेवरून दुसऱ्या रिकाम्या जागेवर उडी मारतो. जागा आपल्या जागी राहतात. पॉलिमरमध्ये जागाच सतत मोडते आणि नवी बनते. आयनने उडी मारायची म्हटलं तरी पलीकडची जागा साखळी वळेपर्यंत अस्तित्वातच नसते.

म्हणूनच तुमचा तापमानाचा आलेख सरळ रेषेत येत नाही. स्फटिकात उडीची अडचण एकाच ठराविक उंचीची असते, त्यामुळे वाहकतेचा लॉगरिदम आणि तापमानाचा व्यस्त यांचा आलेख सरळ रेषा येतो. पॉलिमरमध्ये तापमान उतरत गेलं की वळवळ अधिकाधिक वेगाने मंदावते आणि रेषा खाली वाकते. त्याला व्होगेल, टामान आणि फुल्चर यांच्या नावाचं समीकरण लावतात. पीईओचं काचसंक्रमण तापमान उणे ६० अंशांच्या आसपास आहे. त्याच्या खाली साखळ्या थिजतात. आता ३० अंश म्हणजे त्याच्या नव्वद अंश वर, मग ३० ला एवढी पडझड का?

कारण दुसरं आहे. पीईओला स्फटिक व्हायला फार आवडतं आणि ते स्फटिक ६५ अंशांच्या आसपास वितळतात. त्याखाली फिल्मचा मोठा भाग घड्या घातलेल्या, शिस्तीत बसलेल्या साखळ्यांचा असतो. तिथे वळवळ नाही, म्हणजे वाट नाही. आयन उरलेल्या अस्ताव्यस्त भागातून वळणं घेत जातात. १९८३ मध्ये ग्रेनोबल इथे बर्थियर आणि सहकाऱ्यांनी न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्सने दाखवलं की हालचाल या अस्ताव्यस्त भागातच होते. ७० अंशांना स्फटिक वितळून गेलेले असतात, वाहकता प्रति सेंटीमीटर एक मिलिसीमेन्सच्या जवळपास पोचते. ३० ला ती शंभर पट किंवा त्याहून जास्त घसरते. रेषेत जो कोपरा तुम्हाला ६० च्या आसपास दिसतो तो हाच.

मीठ आणि पीईओ यांची संयुगं बनतात हे राइट आणि सहकाऱ्यांनी शेफील्डमध्ये १९७३ मध्ये प्रसिद्ध केलं, त्यांची वाहकता राइट यांनी १९७५ मध्ये मांडली आणि १९७८ मध्ये आर्मां यांनी त्याची बॅटरी करता येईल असं सुचवलं. २०११ पासून पॅरिसच्या भाड्याच्या ब्लूकार या विजेच्या गाड्यांत अशीच पॉलिमर बॅटरी होती. ती ६० ते ८० अंशांवर गरम ठेवावी लागे, गाडी उभी असतानाही. तुमची ३० अंशांची अडचण एका अख्ख्या उद्योगाने अशी गरम करूनच भागवली.

एक अपवाद सांगायला हवा, कारण मला तो विचारासाठी फार मोलाचा वाटतो. २००१ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या ब्रूस यांच्या गटाने पीईओचं एक असं स्फटिकी संयुग दाखवलं जिथे दोन साखळ्या मिळून नळीसारखी घडी घालतात आणि लिथियम त्या नळीतून जातो. म्हणजे स्फटिक म्हणजे बंद दार, हा नियम ब्रह्मवाक्य नाही. वापरात मात्र आजही अस्ताव्यस्त भागावरच भिस्त आहे.

सक्सिनोनायट्राइलचंही नाव लक्षात ठेवा. ते मेणासारखं दिसतं आणि ५८ अंशांच्या आसपास वितळतं, पण उणे ३५ पासून तिथपर्यंत त्याचे रेणू जाळीत आपापल्या जागी राहून गरागरा फिरत असतात. त्यात थोडं लिथियमचं मीठ विरघळवलं की खोलीच्या तापमानाला काही मिलिसीमेन्स मिळतात. मेणासारखाच मऊ घन, पण आयनला वाट देणारा. फरक एवढाच की ध्रुवी रेणू फिरत राहतात.

आता घोडबंदर रोडच्या सोसायट्यांकडे वळतो, कारण सेंद्रिय घनातून आयन जाण्याचं रोजच्या वापरातलं उदाहरण तिथे गच्चीवरच उभं असतं. टँकरचं किंवा बोअरवेलचं कठीण पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरमध्ये पिवळसर मण्यांसारखं रेझिन असतं. तो पॉलिस्टायरिनचा मणी आहे आणि त्याच्या साखळीला सल्फोनेट गट कायमचे टाचलेले असतात. ऋणभार बांधलेला, धनभार मोकळा. सोडियम बाहेर पडतो, कॅल्शियम आत जातो. मण्यात पाणी मुरलेलं असतं, म्हणून ही वाहतूक होते, पण आतल्या वाटा अरुंद असतात आणि दोन भारांच्या कॅल्शियमला सल्फोनेट जास्त घट्ट धरतो. म्हणून मिठाचं पाणी सोडून रेझिन पुन्हा तयार करताना घाई केली की काम अर्धवट राहतं. मी कितीतरी वॉचमनना वाल्व्ह पूर्ण उघडून दहा मिनिटांत मिठाचं पाणी संपवताना बघितलंय. मग आठवड्याभरात नळाला पुन्हा पांढरे डाग. मीठ वाया जातं, कारण आयनला मण्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. ते अर्धा तास तरी सावकाश सोडा.

मिठाच्या पाण्यातून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या क्लोर-अल्कली कारखान्यांतलं मेम्ब्रेन आणि फ्युएल सेलमधलं नॅफिऑन हे याच कुळातले. तिथे साखळी टेफ्लॉनसारखी, पाण्याला नकार देणारी, आणि तिच्या बाजूच्या फांद्यांच्या टोकांना पाण्याला ओढणारे सल्फोनेट. ओलं झालं की पाणी काही नॅनोमीटरच्या पुंजक्यांत गोळा होतं, पुंजके अरुंद वाटांनी जोडले जातात आणि फ्युएल सेलमध्ये त्यातून प्रोटॉन हातोहात पुढे जातो. कोरडं पडलं की वाटाच मिटतात. ऐरोलीत खाडीकाठी तिवराच्या पानावर बोट फिरवलं तर मीठ लागतं, तेही आयनांचंच काम, पण तिथे पेशी ऊर्जा खर्चून मीठ बाहेर ढकलते. तुमच्या फिल्ममध्ये ढकलायला कुणी नाही. तापमान आणि क्षेत्र एवढंच.

वाहकतेचा आकडा चांगला आला म्हणून लगेच खूश होऊ नका, हे मला सर्वांत आग्रहाने सांगायचंय. त्या आकड्यात लिथियम आणि त्याचा ऋण जोडीदार, दोघांचा वाटा असतो. पीईओमध्ये साखळी लिथियमला धरून असते आणि ऋण आयन मोकळा फिरतो, त्यामुळे प्रवाहात लिथियमचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा असतो. बॅटरीला लिथियमच हवा. ऋण आयन एका बाजूला साचतो, दुसऱ्या बाजूला मीठ संपत जातं आणि जोरात चार्ज केलं की सेल दम टाकतो. हा वाटा काढायची डीसी ध्रुवीकरणाची, म्हणजे सेलला स्थिर व्होल्टेज लावून प्रवाह किती घटतो ते बघण्याची, पद्धत ब्रूस आणि व्हिन्सेंट यांनी १९८७ मध्ये दिली. तुमच्या प्रोजेक्टमध्ये ती नक्की घाला.

आणि पाणी! एका जुलैत आमच्याकडच्या एका मुलाने ३० अंशांना फिल्मचा रोध २० ओहम मोजला. फिल्म १०० मायक्रॉन जाड, चकतीचं क्षेत्र एक चौरस सेंटीमीटर. हिशोब केला तर प्रति सेंटीमीटर अर्धा मिलिसीमेन्स. खोलीच्या तापमानाला पीईओसाठी स्वप्नातला आकडा. तो आनंदाने रात्रभर झोपला नाही. मी फिल्म हातात घेतली तर ती चकतीला चिकटत होती, पाकातल्या साखरेसारखी. बाहेर धुवांधार पाऊस, डेसिकेटरचं (ओल शोषणाऱ्या बंद भांड्याचं) झाकण रात्री नीट बसलेलं नव्हतं. आमचं मीठ, लिथियम टीएफएसआय, हवेतली ओल शोषून पाणी पाणी होणारं. फिल्म व्हॅक्यूम ओव्हनमध्ये दोन दिवस सुकवली, पुन्हा मोजली: २००० ओहम. शंभर पट वाहकता ही पाण्याची होती. त्या मुलाचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं, पण शिकला तो त्या दिवशीच.

तेव्हा मीठ आणि पीईओ दोन्ही आधी वेगवेगळे व्हॅक्यूममध्ये सुकवा, पीईओला ५० च्या वर नेऊ नका नाहीतर पावडर चिकटून एक होते. फिल्म ओतून झाल्यावर सॉल्व्हंट पूर्ण जाईपर्यंत थांबा, कारण उरलेला ॲसिटोनायट्राइलही पाण्यासारखाच खोटा आकडा देतो. स्टेनलेस स्टीलच्या चकत्यांमध्ये सेल ग्लव्ह बॉक्समध्येच (कोरड्या वायूने भरलेल्या बंद पेटीत) बंद करा आणि बाहेर काढण्यापूर्वी सील तपासा. २० ऑक्सिजनला एक लिथियम हे प्रमाण सुरुवातीला घ्या.

मोजताना आधी ७० ला नेऊन तासभर ठेवा, म्हणजे फिल्म चकतीला नीट बसते, मग दहा-दहा अंशांनी खाली या आणि प्रत्येक पायरीवर अर्धा तास थांबून इम्पिडन्स, म्हणजे एसी रोध, घ्या. ३० ला पोचल्यावर तिथेच थांबू नका. वितळलेला पीईओ थंड झाला तरी लगेच स्फटिक होत नाही, आणि टीएफएसआयचं मीठ त्याला आणखी उशीर करतं. त्यामुळे पहिल्या तासात ३० अंशांचा आकडा चांगला दिसेल आणि दुसऱ्या दिवशी तीच फिल्म, त्याच सेलमध्ये, त्याच तापमानाला बरीच खाली गेलेली असेल. दोन्ही आकडे वहीत वेळेसकट लिहा.